दोरीच्या आत अठराशे त्रेसष्ट

गोल तंबूला कोपरे नसतात, म्हणून मला तंबू आवडला. हे कारण मी कॅम्पातल्या कोणाला कधीच सांगितलं नाही. त्यांचा समज होता की मला इतिहासाचं वेड आहे. शाळेत इतिहासात मी जेमतेम पास होत असे.

२०१२ मध्ये ऑकलंडचं शिक्षण आटोपून मी ख्राइस्टचर्चला नोकरीला लागलो. काम होतं भूकंपात खिळखिळी झालेली घरं तपासण्याचं. आठवडाभर लोकांच्या घरांत शिरायचं, भिंतींच्या भेगा मोजायच्या, जमीन कुठल्या बाजूला कललीय ते टिपून घ्यायचं. बिचारे लोक मागे मागे फिरत विचारायचे, राहण्यासारखं आहे ना हो? मी म्हणायचो, रिपोर्टमध्ये येईल. दोन वर्षं हे केल्यावर मला घर हे घर म्हणून दिसेनासं झालं. कोणाकडे जेवायला गेलो तरी नजर आधी भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात जायची. हॉर्नबी उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो की दहाव्या मिनिटाला मी उठलेलाच असायचो. हे दार घासतंय का, ती खिडकी नीट बसतेय का. बायको म्हणायची, बस की रे जरा. मला बसवत नसे.

मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही तिघं गावाबाहेरच्या एका मैदानावर जुन्या काळचा कॅम्प बघायला गेलो. काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा तिथे अठराशे त्रेसष्ट साल मांडायची. पांढरे गोल तंबू, लोखंडी तिपाईवर लटकलेली भांडी, लोकरीचे कोट घालून उन्हात घाम गाळणारे गोरे लोक. एकाने मला तंबूत बोलावलं. मी आत गवतावर बसलो आणि अर्धा तास बसूनच राहिलो. पडण्यासारखं काही नव्हतंच तिथे, पडलं तर कापड पडलं असतं. बाहेर बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती. पुढच्या महिन्यात मी वर्गणी भरून मोकळा झालो.

तिथे प्रत्येकाला त्या काळातला कोणीतरी व्हावं लागे. कोणी लोहार, कोणी मेंढपाळ, कोणी परटीण. माझं काय करायचं यावर त्यांनी बरंच डोकं खाजवलं. आमच्या म्होरक्याने, एका निवृत्त मास्तरांनी, सुचवलं की हिंदुस्थानातून आलेल्या एखाद्या साहेबाच्या कुटुंबाचा नोकर हो, तसे लोक इथे खरोखर आले होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढे समुद्र ओलांडून मी साहेबाचे बूट पुसायला आलो होतो का? मी सांगितलं, मी खलाशी होणार. बंदरात बोट लागल्यावर पळून गेलेला खलाशी. मास्तरांना ते आवडलं. मला तर फारच आवडलं.

कॅम्पचे नियम म्हणजे आमच्याकडच्या सोवळ्याची आठवण यावी असे. एक म्हाताऱ्या बाई दर शनिवारी सकाळी सगळ्यांचे कपडे उलटे करून शिवण बघायच्या. मशीनचा टाका दिसला की तो कपडा बाद. प्लास्टिक नाही, चेन नाही, मनगटावर घड्याळ नाही. विस्तव चकमकीनेच पेटवायचा. मी गोल काचांचा चष्मा शोधून आणला, सदरा हाताने शिवला, बोटं भोसकून घेतली. आलं घालून चहा उकळायला लागलो तेव्हा बाईंनी दोन दिवस विचार करून तो मंजूर केला, कारण खलाशाला तो माहीत असणारच.

सगळ्यात मोठा नियम दोरीचा. कॅम्पभोवती एक जाड दोरी बांधलेली असे. दहा ते चार बघे त्या दोरीबाहेर उभे राहायचे, आणि तेवढा वेळ दोरीच्या आतला माणूस त्या सालातून बाहेर यायचा नाही. कोणी विचारलं, टॉयलेट कुठे आहे, तर आम्ही तोंड वासून बघायचो. जो चुकेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. गोरी मंडळी अधूनमधून चुकायची, हसायची, घासायची. मी चार वर्षांत एकदाही चुकलो नाही. त्या सगळ्यांत वेगळा दिसणारा मी एकटाच होतो, आणि कोणी म्हणू नये की याला जमत नाही, म्हणून मी त्यांच्याहून कडक झालो. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि त्याचा अभिमान वाटत होता.

महिन्यातून एकदाचा कॅम्प हळूहळू दर आठवड्याचा झाला. कधी नेल्सनकडे, कधी दक्षिणेला ओटागोत, जिथे कोणी तंबू ठोकेल तिथे मी. पायाला भिंगरी लागल्यासारखा. शुक्रवारी दुपारपासूनच ऑफिसात माझा पाय हलायला लागायचा. बायकोला या काळात एकच गोष्ट हवी होती, एका जागी टिकलेला संसार. आपलं घर, मुलीची एक शाळा, शनिवारी घरात असलेला नवरा. घर घेऊ या म्हटलं की मी घराच्या पायाखालच्या मातीबद्दल बोलत राहायचो, ती कंटाळून उठेपर्यंत.

२०१७ च्या शेवटी तिला वेलिंग्टनच्या एका सरकारी खात्यात मुलाखतीला बोलावलं, आणि पुढच्या फेब्रुवारीत नोकरी पक्की झाली. ती आयटीत होती, इतकी वर्षं सहा सहा महिन्यांच्या कामांवर काढलेली. मी म्हणालो, वेलिंग्टन तर भूकंपाच्या फॉल्टवरच बसलंय.

"मग कुठे राहायचं आपण? तंबूत?"

माझं खरं उत्तर हो असंच होतं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी ती म्हणाली, "उद्या जाऊ नकोस. मला मंडेला त्यांना फायनल सांगायचंय, कोण कोण येतंय ते. तू येणार आहेस की नाही, एवढंच बोलायचंय." मी म्हटलं, रविवारी बोलू, नक्की. शनिवारी पहाटे मी सामान गाडीत टाकून निघालो. मैदान घरापासून चाळीस मिनिटांवर होतं, आणि त्या वाटेवर मला जितकं हलकं वाटत होतं तितकं आठवडाभरात वाटलं नव्हतं.

दुपारी दोनच्या सुमारास दोरीबाहेर बरीच गर्दी होती. मी दोर वळता वळता माझ्या पलायनाची गोष्ट सांगत होतो. एका आजोबांनी विचारलं की मागे कुटुंब असेल ना, त्यांचं काय? या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं होतं आणि त्यावर हमखास हशा मिळायचा. मी म्हणालो की मला ना बायको ना पोर, म्हणून तर बोटीवरून उडी मारता आली. लोक हसले. त्या हसण्यातून कोणीतरी हाक मारली, "बाबा!"

माझी सहा वर्षांची मुलगी दोरी दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि तिच्या मागे तिची आई. रविवारची वाट न बघता ती आली होती. पण सगळ्यांचे डोळे माझ्याकडे होते, दोन तंबू सोडून मास्तर बसले होते आणि चार अजून वाजले नव्हते. मी कपाळावर हात आडवा धरला, मुलीकडे बघितलं आणि खलाशाच्या आवाजात इंग्रजीत म्हणालो, "कोणाची ही पोर? अरे, हिला कोणीतरी हिच्या बापाकडे पोचवा."

पुन्हा हशा झाला. एकाने टाळ्याही वाजवल्या. मुलगी हसली नाही. तिने दोरी सोडली आणि आईचा कुर्ता धरला. बायकोने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मुलीला उचलून ती गाड्यांच्या दिशेने चालायला लागली. मुलीची मान तिच्या खांद्यावरून माझ्याकडे वळलेली होती.

मी दोरी ओलांडून त्यांच्यामागे गेलो असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. चार वाजायला दोन तास होते. मी ते पूर्ण केले.

संध्याकाळी सहाला घरी पोचलो. त्याच कपड्यांत, धुराचा वास घेऊन. मुलगी टीव्हीसमोर होती, तिने वर पाहिलं नाही. स्वयंपाकघरात बायको भेंडी चिरत होती. मी लगेच समजावायला सुरुवात केली. तो नियम आहे, गंमत होती, सगळ्यांशी आम्ही तसंच वागतो, तिला मी आत्ता सांगतो नीट. तिने सुरी खाली ठेवली.

"तिला ते नाटक वाटलंच नाही," ती म्हणाली. "गाडीत मला म्हणाली, बाबा घरी असतो तेव्हाही असाच बघतो."

मला फार लाज वाटली. मी मुलीजवळ जाऊन बसलो, तिच्या केसांवरून हात फिरवला. तिने तो फिरवू दिला. इंग्रजीत एवढंच म्हणाली की तुझ्या हाताला वास येतोय.

रविवारी सकाळी बायकोने जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला. वेलिंग्टनला सामान हलवण्यासाठी तिच्या खात्याने पाठवलेला फॉर्म. तिने सगळा भरला होता, एक चौकोन सोडून. सोबत येणारी माणसं किती. तिने पेन माझ्यापुढे सरकवलं. "तू लिही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थोडी आशाच होती. आज मला ती आशा जास्त टोचते.

एक आकडा लिहायचा होता. मी पेन हातात घेतलं. मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर टोस्ट खात होती. मला दोन लिहायचं होतं, मुलगी आणि मी, शपथेवर सांगतो. पण पेन कागदाला टेकायच्या आधी मी विचारलं, "मी ईस्टरचा कॅम्प करून आलो तर चालेल?"

बायकोने माझ्या हातातून अलगद पेन काढून घेतलं. त्या चौकोनात तिने एक लिहिलं आणि खाली सही केली.