एकवीस पूर्ण, फक्त बिअर

माझा मुलगा बावीस वर्षांचा असताना एका रविवारी सकाळी कोथरूडच्या एका दवाखान्यात पोट धरून पडला होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "दारू घेतोस का?" त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि म्हणाला, "कधीतरी. फक्त बिअर. तीसुद्धा एकवीस पूर्ण झाल्यावर."

उत्तर कायद्याला धरून होतं. पोटचा पोरगा कळवळत असताना बापाला अभिमान वाटावा अशी ती वेळ नव्हती. पण खोटं कशाला बोलू, मला वाटला.

हे कळायचं तर माझी नोकरी सांगायला हवी. मी सरकारी कचेरीत दारू पिण्याचे परवाने देणाऱ्या टेबलावर कारकून होतो. पुष्कळांना ठाऊक नसतं, पण आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. वर्षाचा मिळतो, आजन्म मिळतो. आणि तो कशासाठी मिळतो? तर आरोग्य जपण्यासाठी. थट्टा नाही, कायद्याची भाषाच तशी आहे. माझ्या एका टेबलावरून जितक्या लोकांचं आरोग्य जपलं गेलं, तितकं एखाद्या मोठ्या इस्पितळातूनही जपलं गेलं नसेल. एकदा पेठेतले एक वृद्ध गृहस्थ अर्ज हातात धरून मला म्हणाले, "अहो, आजन्म घेतला आणि वर्षभरात गेलो तर?" मी म्हटलं, "तर तक्रार घेऊन या."

वयाचं असं आहे की बिअर आणि वाइनला एकवीस पूर्ण लागतात, बाकीच्या कडक मालाला पंचवीस. मत अठराव्या वर्षी देता येतं आणि मुलग्यांना लग्न एकविसाव्या वर्षी करता येतं. म्हणजे सरकार निवडायचं ते शुद्धीत, लग्नाच्या वेळी बिअर, आणि संसाराची चार वर्षं काढली की व्हिस्की. कायदा करणारा गृहस्थ अनुभवी असणार.

आम्ही बौद्ध. घरात रोज संध्याकाळी वंदना होते आणि पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. दिवसभर मी लोकांना परवाने द्यायचो आणि सात वाजता हात जोडून पाचवं शील म्हणायचो. यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. ती नोकरी होती आणि हे घर होतं. मुलगा आठवीत असल्यापासून जेवताना मी त्याला हे एकवीस-पंचवीस ऐकवत आलो होतो, त्यामुळे त्याला ते तोंडपाठ होतं. दारूबद्दल त्याच्याशी नीट बोलायचंही माझ्या मनात होतं, नाही असं नाही. पण त्याला अजून अवकाश होता. पंचविसाला तीन वर्षं बाकी होती, आणि मुदतीआधी अर्ज हातात घ्यायचा नाही ही माझी जन्माची सवय.

मुलाचं कॉलेज लोणी काळभोरच्या बाजूला. रोजचं जाणं-येणं झेपेना म्हणून दोन वर्षांपासून तो तिकडेच तीन मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होता आणि शनिवारी घरी यायचा. त्या रविवारी पोह्याचे दोन घास खाऊन तो उठला आणि बेसिनपाशी वाकला तो वाकलाच. बायकोने ओवा आणि काळं मीठ दिलं, ते उलटून पडलं. "पाठीतून सुरी घातल्यासारखं होतंय," म्हणाला. मग आम्ही त्याला रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणजे एक मुलगीच होती, फार तर सत्तावीस वर्षांची. मी माणसाचं वय परवान्याच्या हिशेबात धरतो, तर तिला पात्र होऊन दोन वर्षं झालेली. तिने रक्त तपासलं, सोनोग्राफी करवली आणि तासाभराने आम्हाला सांगितलं की मुलाच्या स्वादुपिंडाला सूज आहे.

"अशी सूज बहुतेक वेळा पित्ताच्या खड्यांनी येते, नाहीतर दारूने," ती म्हणाली. "खडे दिसत नाहीत."

"तो बिअर घेतो," मी म्हटलं. "कधीतरी."

"कधीतरीच्या बिअरने सहसा असं होत नाही, काका. तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला त्याच्याशी बोलायचंय."

"मी त्याचा बाप आहे. माझ्यासमोर तो खोटं बोलत नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली.

मी बाहेर आलो. बाई उद्धट आहे असं माझं मत झालं आणि ते मी बायकोला सांगितलं. पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आली. "तो तेच सांगतोय. एकवीस पूर्ण, फक्त बिअर. घरी कळेल म्हणून घाबरलाय. घरी सांगणार नाही, तू सज्ञान आहेस, असंही म्हटलं मी त्याला. पण पटत नाहीये." मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तो रोज घेत असेल ना, तर ती अशी एकदम बंद झाल्यावर हातपाय कापायला लागतात. फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. ते टाळायला औषध आहे. पण किती घेतो आणि शेवटची कधी घेतली, हे आम्हाला आधी कळायला हवं."

ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. बायको बाकावर पदराची घडी घालत बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मागच्या महिन्यात चहाचा कप धरताना त्याचे हात कापत होते. विचारलं तर म्हणाला, जागरण झालंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"अहो, तुम्ही कलम सांगितलं असतं."

सांगितलंच असतं. आत्तासुद्धा कलम जिभेवर होतं.

मी आत गेलो. सलाईन लावलेलं होतं आणि तो डोळे मिटून पडला होता. जाग होती, पण मी आलो म्हणून मिटलेले. स्टूल ओढून बसलो. मला अशा वेळी काय बोलतात ते येत नाही. शेवटी म्हटलं, "आज रविवार आहे. कचेरीला सुट्टी असते."

त्याने डोळे उघडले. "म्हणजे?"

"म्हणजे जे असेल ते सांग. आज काही लागू होत नाही."

तो छताकडे बघत म्हणाला, "अकरावीपासून, बाबा. आधी कधीतरी. खोलीवर राहायला गेल्यापासून रोज."

"रोज किती?"

"क्वार्टर. परीक्षा असली की जास्त."

"बिअर?"

"बिअर परवडत नाही, बाबा. रम."

मी शेवटी मीच, राग आधी आला. अकरावी म्हणजे सोळा वर्षं. सोळा वर्षांच्या पोराला रम विकली! मी खिशातलं पेन काढलं. "कुठल्या दुकानाने दिली? नाव सांग त्याचं. लायसन्सच घालवतो मी त्याचं. समजतो काय स्वतःला!"

"आज सुट्टी आहे म्हणालात ना."

"नाव सांग."

"दुकान नव्हतं, बाबा," तो म्हणाला. "मामाची बाटली होती."

मामा म्हणजे माझा मेव्हणा. फौजेत होता. एकदा येताना रमची बाटली घेऊन आला आणि मी नको नको म्हणत असताना "पाहुण्यारावळ्यांना होईल" म्हणून ठेवून गेला. फेकायला माझा जीव होईना, दुसऱ्याला द्यावी तर तेही नियमात बसेना. म्हणून ती मी खोक्यासकट लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली कॅलेंडरच्या मागे अडकवली. दर दिवाळीच्या साफसफाईला खोकं उचलून पुसायचो आणि परत ठेवायचो. घरात बाटली असून कुणी हात लावत नाही, असं कचेरीत चारचौघांत सांगायचोसुद्धा.

"ते खोकं जड लागतं की," मी म्हटलं.

"पाणी आहे त्यात. सहा वर्षं झाली," तो म्हणाला. "तुम्ही एकदा तरी उघडून बघाल असं वाटायचं. मग मीच वाट बघायचो. तुम्ही उचलायचात, पुसायचात आणि ठेवायचात."

मी रडलो. छप्पन्न वर्षांचा माणूस, भर वॉर्डात, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत हुंदके देत रडलो. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. पुण्यात एवढी सहानुभूती पुष्कळ झाली. मुलाने सलाईन नसलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. तो हात कापत होता. ते माझ्या रडण्यामुळे असेल असं क्षणभर वाटलं, मग डॉक्टर काय म्हणाली होती ते आठवलं आणि मी तसाच धावत बाहेर गेलो.

तिला हाताला धरूनच आणलं म्हणायला हरकत नाही. "लिहून घ्या," मी म्हटलं. "सोळाव्या वर्षापासून. सुरुवात घरातल्या बाटलीने. आता रोज एक क्वार्टर, कधी जास्त. रम." आयुष्यभर लोकांच्या अर्जावरची माहिती मी याच आवाजात वाचून दाखवत आलो होतो.

"शेवटची कधी घेतलीस?" तिने मुलाला विचारलं.

"शुक्रवारी."

तिने त्याचे दोन्ही हात समोर धरायला लावून पाहिले. नर्सला हाक मारून एका औषधाचं नाव सांगितलं आणि "लगेच" असं दोनदा म्हणाली. इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टर केसपेपर घेऊन उभ्याउभ्याच लिहायला लागली. त्यात वर एक रकाना होता: माहिती देणारा कोण. तिथे तिने 'वडील' असं लिहिलं. त्याच्या शेजारी आणखी एक होता: माहिती भरवशाची आहे का. तिथे तिचं पेन थांबलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या तासापूर्वी मीच तिला ठणकावून सांगितलं होतं की माझ्यासमोर तो खोटं बोलत नाही.

इतके रकाने भरले आजवर, त्या एकात काय लिहावं ते मला सुचेना.

"लिहा, डॉक्टर," मुलगा खाटेवरून म्हणाला. "आत्ता बरोबर सांगतायत ते."