आबांच्या इंजिनावरचा पितळी पत्रा

लोणी देवकरच्या कारखान्यात मी नवा होतो आणि आई बारामतीच्या दवाखान्यात होती. न मागता माझी पाळी अंगावर घेणारे फोरमन म्हणजे आमचे दिनकरराव आबा. “तू जा. मशीन कुठं पळून जातंय?” एवढेच म्हणाले. ती पहिली ओळख.

आबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात चार गोड शब्द लिहावेत, अशी संपादकांची सूचना आहे. क्षमा असावी, माझा राग अजून गेलेला नाही.

निवृत्तीनंतर आबांनी वरकुट्याच्या घरी वाफेचे छोटे इंजिन घडवले. हातभर लांब, पण कोळशावर खरोखर धावणारे. बॉयलरची ऊब टिकावी म्हणून त्याभोवती जाड कापड गुंडाळून वर पितळी पत्रा बसवायचा होता. आबांनी आधी कागदाचा साचा कापला, मग पत्रा तापवून नरम केला आणि नळीवर हळूहळू वळवला. धुराड्याचे भोक केसभर सरकले, तर तयार पत्रा बाजूला टाकून दिला.

“कुणाला दिसतंय ते?” आबांच्या पत्नी, आमच्या काकू म्हणाल्या.

“मला दिसतंय न्हवं!” आबा हसले.

दुसरा पत्रा चपखल बसला. ते इंजिन बारामतीच्या एका प्रदर्शनात मांडले. आम्ही चहा घेऊन परतलो, तर संयोजकांनी पत्र्यावर प्रमुख पाहुण्यांच्या फोटोचा स्टिकर डकवलेला! आबांनी तो काढायला सांगितला, तेव्हा एका कार्यकर्त्याने चाकूने खरवडला. पितळेवर आडवेतिडवे ओरखडे उठले. वर म्हणतो, “पॉलिश मारून घ्या की आबा, पत्राच हाय!”

माझे हात शिवशिवले. आबांचा आवाज मात्र चढला नाही. पाहुणे मंडपात शिरत असतानाच आम्ही दोघांनी इंजिन उचलले.

“अहो, पाहुण्यांना काय दाखवायचं?” एक संयोजक आडवे आले.

“फोटो दाखवा. तुमाला त्योच दाखवायचा हाय,” आबा म्हणाले.

तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकानेही ‘चुकलो’ म्हटले नाही. आजतागायत म्हटलेले नाही. त्यांतले दोघे या गौरवसमितीत आहेत. संपादकांनी हा परिच्छेद गाळू नये, ही माझी जाहीर मागणी आहे.

आबांनी पुन्हा नवा पत्रा वळवला. त्यावरच्या पट्ट्या आवळताना मी पत्रा धरून बसलो होतो. आबांचे डोळे भरले होते. “कष्ट गेल्याचं न्हाय रे,” ते म्हणाले, “हात लावताना इचारलंसुदीक न्हाय कुणी.” पुढच्या रविवारी इंजिन अंगणात धावले. बघायला सारी आळी लोटली.

आबा निरोगी राहोत, शंभरी गाठोत. समितीने मात्र त्यांच्या खांद्यावर शाल घालण्याआधी माफी मागावी.