बांधावरची पिवळी बाभूळ

नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरात ऑस्ट्रेलियन बाभूळ फुलली, की तिचा गोडसर वास मला नेरे गावात आत्याच्या शेताच्या बांधावर नेतो.

भात कापून झालं होतं. कापणीनंतर आमच्याकडे कुणी कुंपण घालत नसे, गुरं कुणाच्याही शेतात चरायची. शेजारची जमीन घेतलेल्या शेठने मात्र बांधाला लागून या झुडपांची रांग लावली होती. सगळा माळ वाळलेला आणि हीच तेवढी मुरमातसुद्धा हिरवीगार, पिवळ्या तुऱ्यांनी लगडलेली. आत्याने पान चुरगाळून हुंगलं, मग शेळीपुढे धरलं. शेळीने तोंड फिरवलं.

"कोन पानी घालत नाय, शेली खात नाय. मंग जगतंय कशावं? आपलीच विहीर पितंय, बग!"

तेवढ्यात शेठ आला. "आत्याबाई, नुसती शोभेची झाडं आहेत हो!" तो हसत म्हणाला.

आत्याने त्याला चहा दिला. चहा पिताना तो आमच्या विहिरीकडे बघत होता आणि आत्या झुडपांकडे.

पुढे दरवर्षी एक नवी रांग आमच्या बाजूला सरकत आली. विहिरीचं पाणी काही आटलं नाही. विहीर मात्र आता कुंपणापलीकडे आहे.