फांदीवरचा स्वेटर

टेकडीच्या पहिल्याच चढावर, कडुनिंबाच्या फांदीला एक मरून स्वेटर लोंबत होता. पुढे सत्तरीतल्या एक मावशी झपझप चालल्या होत्या. मी ओरडले, "मावशी, तुमचा स्वेटर राहिला!"

"राहिला नाही गं, टांगलाय. अंग तापलं आता. उतरताना घेईन."

मला तर थंडीत स्वेटर फार सोयीचा वाटतो. त्याच्याखाली पोट दिसत नाही, दुपारी गुपचूप खाल्लेले डिंकाचे लाडू दिसत नाहीत. "वजन उतरवा, नाहीतर गुडघे बदलावे लागतील," असं डॉक्टरांनी दिवाळीआधीच बजावलं होतं. थंडी ओसरली की बघू, म्हणत मी कालपर्यंत रोज सकाळी गोधडी डोक्यावर ओढत आले. थंडीला कसली घाई? घाई माझ्या गुडघ्यांना आहे.

मी स्वेटर काढला. दंडांवर सर्रकन काटा आला. स्वेटर कमरेला बांधायला गेले, तर बाह्या ओढून ताणून कशीबशी एक गाठ बसली.

बरं, बसली तर बसली. मावशींच्या मागोमाग मी चढ चढू लागले. होळीपर्यंत या बाह्या गाठ मारूनही गुडघ्यापर्यंत लोंबायला हव्यात.