बिअरमधली पाहुण्याची मूठ

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या आमच्या गल्लीत शेजारचे निवृत्त आजोबा घरी बिअर बनवतात. दुसऱ्याने बनवलेली बिअर आवडली तर ते काही बोलत नाहीत, फक्त रिकामा ग्लास पुन्हा पुढे करतात. नाही आवडली तर 'नीत स्लेख्त', म्हणजे 'वाईट नाही', म्हणतात आणि हवापाण्याचा विषय काढतात. माझ्या पहिल्या बिअरनंतर आम्ही बराच वेळ हवापाण्यावर बोललो होतो. तेव्हापासून मला तो ग्लास पुढे आलेला बघायचा होता. हट्टच म्हणा.

उन्हाळ्यात गल्लीतले सगळे रस्त्यावर टेबलं मांडून एकत्र जेवतात. त्यासाठी मी पाच लिटरचा काचेचा बुधला काढला. मोड आणलेल्या जवाचं मॉल्ट उकळलं, गाळलं, गार केलं, गळ्यापर्यंत भरलं आणि यीस्टपाशी अडले. साडेअकरा ग्रॅमची पुडी वीस लिटरसाठी असते. म्हणजे मला पाव पुडी हवी, तीन ग्रॅमला थोडी कमीच. एका वेबसाइटने दोन ग्रॅम सांगितलं, दुसरीने चार, तिसरीने आधी माझ्या बिअरची घनता विचारली. स्वयंपाकघरातला काटा तर पाच ग्रॅमच्या खाली जगात काही असतं हे मान्यच करत नाही. दिवसभर मी चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करते, तिथे केसाच्या जाडीला ढोबळ म्हणतात. आणि घरी मी पुडी कागदावर ओतून सुरीने तिचे चार सारखे ढीग करत बसले होते.

"अगं, टाक की अंदाजाने," नवरा म्हणाला.

मी मोजलेल्यातला एक ढीग बुधल्यात टाकला, बूच लावून तो जिन्याखाली कोटांच्या कपाटात ठेवला, बाकीचे तीन ढीग पुडीत परत भरले आणि अंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर जिन्याखालच्या कपाटातून फसफस ऐकू येत होती. बुधल्याचं बूच हवा बाहेर सोडणाऱ्या नळीसकट उडून माझ्या बुटात पडलं होतं. फेस कोटांवर, छत्रीवर, नवऱ्याच्या सायकलवर घालायच्या रेनकोटाच्या खिशात. निम्मी बिअर जमिनीवर.

"पुडीतलं उरलेलं यीस्ट कुठंय?" मी विचारलं.

"टाकलं त्यातच. उघडी पुडी किती दिवस ठेवायची? आणि वरची मूठ नको का?"

"ती भाताला असते."

"तूच शिकवलंस," तो म्हणाला.

शिकवलं होतं खरं. माझ्या माहेरी तांदूळ मोजून घेतले की वर एक मूठ अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी टाकतात. मी इथेही टाकते. या देशात महिनाभर आधी कॅलेंडर बघून वेळ ठरवल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही, त्यामुळे आमच्याकडे नाश्त्याला कायम फोडणीचा भात असतो, तरी टाकते. पण याची मूठ माझ्या हिशेबाच्या तिप्पट होती. माझं डोकं असं फिरलं की सगळे कोट त्याच्याकडून धुऊन घेतले तरी राग जाईना.

उरलेल्यातून सहा लहान बाटल्या निघाल्या. गल्लीच्या जेवणाला आमच्या टेबलावर माणसंही सहाच होती: आजोबा, आजी, समोरचं जोडपं आणि आम्ही दोघं. मी अगदी काटेकोर डच होऊन माणशी एक बाटली मांडली. एवढ्यात आजोबांचे मेव्हणे सायकलवरून आले, कोणाला न कळवता. इतक्या वर्षांत या गल्लीत न सांगता आलेला मी पाहिलेला हा पहिलाच पाहुणा. माझा हात आपोआप पुढे गेला आणि माझी बाटली त्यांच्यासमोर ठेवून आला. नवरा गालातल्या गालात हसत होता. मी तिकडे बघायचं टाळलं.

आजोबांनी घोट घेतला. ते हवेबद्दल काही बोलले नाहीत. सावकाश सगळा ग्लास संपवला, मिशी पुसली आणि ग्लास माझ्यापुढे धरला.

मला इतका आनंद झाला की मी आधी बाटल्यांकडे बघितलंच नाही. मग बघितलं. सगळ्या रिकाम्या. नवऱ्याने घाईघाईने आपला ग्लास पुढे सरकवला, त्याच्या तळाशी थोडा फेस होता.

आजोबांचा हात तसाच पुढे. "बाकीची कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ह्याच्या रेनकोटाच्या खिशात," मी म्हणाले.