खळ न धुतलेला नमुना

सत्तरच्या दशकात सोलापुरात सात रस्त्याजवळ एका निर्यातदाराच्या कचेरीत मी नोकरीला होते. टेरिलीन मिसळलेलं कापड बोटीवर चढण्याआधी कस्टमच्या कागदावर त्याचा वर्ग लिहावा लागे, सुती की कृत्रिम. ज्या धाग्याचं वजन जास्त, त्या वर्गात कापड. ते ठरवणं माझं काम. चौकोनी तुकडा कापायचा, उभे आणि आडवे धागे वेगळे उसवायचे आणि सराफी काट्यावर तोलायचे. तेवढा वेळ पंखा बंद, शिंकायचीही चोरी. तिथल्या उन्हाळ्यात घामाच्या धारा लागत, तरी त्या कामात माझा जीव रमे. तसं काम पुन्हा हाताला लागलं नाही, याची अजून हळहळ वाटते.

एरवी चादरी विणणारे एक तेलुगू मामा आमच्यासाठीही कापड विणत. त्यांच्या कापडात उभं सूत, आडवं टेरिलीन. सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ देत. परदेशी जाणारा त्यांचा पहिला माल तयार झाला तेव्हा नमुना घेऊन ते स्वतः आले.

“बाई, खळ लई हाय. धुवून, वाळवून मग तोला.”

मी मान हलवली. पण मला संध्याकाळच्या टपालाआधी कागद पुरा करून शेठजींची शाबासकी मिळवायची होती. धुवायला-वाळवायला सवड कुणाला? तसंच तोललं. सूत जरासं जड भरलं आणि मी ऐटीत ‘सुती’ लिहून मोकळी झाले.

मुंबईला कस्टमने नमुना धुऊन तोलला. खळ निघून गेली आणि टेरिलीन जड ठरलं. खोटं वर्णन दिल्याचा ठपका ठेवून माल अडवला, बोट निघून गेली.

शेठजींनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. “नमुना न धुता तोलला कसा?”

वडील अंथरुणाला खिळलेले, घरात कमावती मी एकटी. नोकरी जाणार हे मला दिसत होतं.

“माजी चूक हाय, शेठ,” मामा म्हणाले. “धुतलेला हाय म्हणून मीच बाईंना सांगितलं.”

शेठजी माझ्याकडे वळले. “खरं का?”

मी हो म्हटलं.

जिन्यात मी मामांना गाठलं. “असं का केलंत?”

“मला चादरी हायत की. तुमाला काय हाय?”

परदेशी जाणारा माल विणायला त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही. मी तिथे आणखी नऊ वर्षं काढली. नवी मुलगी कामाला लागली की शेठजी तिला माझ्या टेबलापाशी आणत आणि बजावत, “विणकराच्या शब्दावर जायचं नाही. विचार बाईंना, त्यांना एकाने कसं फसवलं ते.”

आणि दर वेळी मी ते सांगत असे.