काठीचा उंबरा

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. हे वाक्य मी आयुष्यभर इतक्यांदा ठासून सांगितलंय की घरातली पोरं आता मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणून दाखवतात. म्हणू देत. ते खरं करून दाखवायला दोन बायकांनी किती हट्ट केला आणि तिसरीनं किती पावलं चालून काढली, हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून एकदाचं लिहून ठेवते. लिहायला मी उशिरा शिकले, तेही लेकीच्या पाटीवर. ती लेक म्हणजे या हकिगतीतलंच बाळ.

माझं माहेर माण तालुक्यातलं. गावात दगडमातीचं घर होतं, पण ते पावसाळ्यापुरतं. दिवाळी झाली की दार ओढून घ्यायचं, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि मेंढरांमागं कृष्णेच्या अंगाला उतरायचं. पाच-सहा कुटुंबं एकत्र चालायची. बागाईतवाले शेतकरी आम्हाला आपण होऊन रानात बोलवायचे, कारण मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांनी जमीन कसदार होते. पाऊस तोंडावर आला की पुन्हा माण. मी स्वतः अशाच एका मुक्कामात जन्मले. कुठल्या गावच्या शिवारात, ते आईलाही नीट सांगता यायचं नाही.

सासर कडेगावकडचं. तीही माणसं आमच्यातलीच, पण सासऱ्यांच्या आज्यानं मेंढरं विकून विहीर पाडली आणि तेव्हापासून ते घर एका जागी रुजलं. चार एकर बागाईत, दोन बैलांची मोट, दारात म्हैस. एका जागी राहायला लागलेल्या माणसाला फिरत्या माणसाचं जरा हसू येतंच. सासूबाईंना माझ्या चालण्याचंही हसू यायचं. विहिरीवर जाऊन यायला मला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात गावातल्या पोरी जेमतेम घागर डोक्यावर घेत असत. या पोरीला घर ठाऊक नाही, वाटच ठाऊक, असं त्या म्हशीला सांगायच्या. लेकी बोले सुने लागे, त्यातला प्रकार.

मला सतरावं वर्ष लागलं होतं आणि लढाई चालू होती, एवढं आठवतं. रॉकेल मिळत नव्हतं, दिवेलागणीला जेवणं उरकायची. भाद्रपदात दिवस राहिल्याचं सगळ्यांना कळलं आणि माघाच्या अखेरीचा हिशेब निघाला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण माघात माझं माहेर कुठल्या तरी ओढ्याकाठी, चार काठ्यांवर टाकलेल्या घोंगड्याखाली असणार. सासूबाईंनी एकदाच, पण सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"ज्या घराला उंबरा न्हाई, त्याला म्हायेर कसं म्हनायचं? बाळंतपन हितंच हुईल."

मला त्या दिवशी रडू आलं नाही, संताप आला. आमच्याकडं बिनमाहेरची बाई म्हणजे जिच्या मागं कुणी नाही अशी बाई. तिला कुणीही काहीही बोलावं. पहिलं बाळंतपण सासरी झालं की ते नाव जन्मभर चिकटणार होतं, आणि माझ्या आईला तर माझ्याहून जास्त. मी ठरवलं की बाळंत व्हायचं ते आईच्याच हाती, मग चालत माणला जावं लागलं तरी बेहत्तर.

कार्तिकात आमची मेंढरं उतरताना आई चोळी-बांगड्या घेऊन मला भेटायला आली. सासूबाईंनी तिच्यासमोरही उंबऱ्याचं बोलणं काढलं. आई माझ्यासारखी तापट नव्हती. तिनं चहा संपवला, कप पालथा घातला आणि पदर सावरून सासऱ्यांना विचारलं की पुढच्या आषाढात उसाची लागण कुठल्या रानात करायची आहे. ते म्हणाले, ओढ्याकडच्या. तिथं माघात मेंढरं बसवायची का, तिनं विचारलं. सासरे हरखले. त्या सालात खताला मेंढरं मिळणं सोपं नव्हतं. मेंढरं बसवल्याबद्दल शेतकऱ्यानं दाणे द्यायचे असतात; आई म्हणाली, दाणे नकोत, रानाचा एक कोपरा फक्त आमचा. मेंढरं बसली आहेत तोवर त्या कोपऱ्यात आमची चूल, आमची रीत, आणि आमची लेक. सासरे व्यवहाराचे पक्के होते, त्यांनी लगेच मान डोलवली. कशाला मान डोलवली हे त्यांना सासूबाईंच्या चेहऱ्याकडं बघितल्यावर समजलं.

माघ लागला आणि एका सकाळी माझं माहेर चालत माझ्या दाराशी आलं. पुढं माझे वडील, बापू, मागं तीनशे मेंढरं, घोड्यावर कोंबड्यांची पाटी आणि सगळ्यांच्या मागं आई. मी अंगणात उभी राहून बघत होते. आळीतल्या बायकाही बघत होत्या, म्हणून मी जरा ताठच उभी होते. इतर सुनांना माहेरी न्यायला बैलगाडी यायची. माझ्यासाठी आख्खं माहेर आलं होतं.

घरापासून ते रान शंभर-सव्वाशे पावलं. मधे एक बांध. आईनं कोपऱ्यात पाल ठोकलं, तीन बाजूंनी घोंगडी बांधली, चौथी बाजू उगवतीला मोकळी ठेवली. मग बापूंची जुनी बोरीची काठी घेतली आणि त्या मोकळ्या तोंडाशी जमिनीवर आडवी ठेवली. हळदीकुंकवाची दोन बोटं तिच्यावर ओढली.

"हा उंबरा," ती मला म्हणाली. "वलांडून ये. आता तू म्हायेरी आलीस."

मी काठी ओलांडली, आणि तिथं मात्र मला रडू आलं.

सासूबाईंचीही तयारी काही कमी नव्हती, हे मला आज मान्य करावंसं वाटतं. घरातली मागची अंधारी खोली त्यांनी सारवून घेतली होती. नवी बाज विणून आणली होती, शेगडी, शेण्या, वेखंड, ओवा, बाळंतशेपा, धुऊन उन्हात वाळवलेल्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या, सगळं डब्यात आणि गाठोड्यात. पोटुशीनं फार हिंडू नये, सावलीत पडून राहावं, असा त्यांचा रिवाज. आईचा बरोबर उलटा. ती मला रोज सकाळी गाभण मेंढ्यांच्या मागं चालायला लावायची. ओढ्यापर्यंत जायचं, बाभळीखाली टेकायचं, परत यायचं. पाय सुजले तरी चालायचं, फक्त हळू. गावात जी चाल हसण्यावारी नेली होती, तीच आता कामाला आली.

आणि ती मला बघायला शिकवायची. जन्मापासून मी मेंढ्या व्यालेल्या पाहिल्या होत्या, पण पोटात आपलं पोर असताना बघणं निराळं. मेंढी वेळ आली की कळपातून बाजूला होते. खाणं सोडते. पायानं माती उकरते, बसते, उठते, पुन्हा बसते. अनुभवी मेंढी मुकाट असते. पहिलटकरीण मात्र घाबरून पळायला बघते आणि दमून जाते. आईचा सगळा उपदेश एवढ्यात होता. कळ आली की पळू नकोस, तिच्यासोबत बस. कळ गेली की ऊठ आणि चाल. आवाजात ताकद घालवू नकोस. आणि सगळं नीट चाललं असेल तर बाहेरच्यानं ओढाओढ करायची नाही, हे ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

सासूबाई रोज सकाळी बांधापर्यंत यायच्या. तिथंच थांबून माझी चौकशी करायच्या, कधी ताक, कधी भाकरी बांधावर ठेवून जायच्या. बोलावल्याशिवाय विहिणीच्या बिऱ्हाडात यायला त्यांना कमीपणा वाटत होता. आणि आई बोलावत नव्हती. आपल्याला दार आहे हे आधी त्यांनी मानावं, असं तिच्या मनात. दोघींच्या मधे मी पोट घेऊन हिंडत होते आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडचं खाऊन बरी सुधारत होते.

अमावास्या झाली. बाळ आलं नाही. आजूबाजूचा चारा संपत आला, मेंढरं बाभळीच्या सालींना तोंड लावायला लागली. बरोबरची कुटुंबं आणखी दोन दिवस थांबली आणि मग बापूंना म्हणाली की आता निघायला हवं. त्यांचं चूक नव्हतं. बापूंनी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, तुम्ही जा, पाच गाभण मेंढ्या ठेवा माझ्याजवळ. मेंढरं निघाली तेव्हा बापू पालापाशी आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वळले. काठी त्यांनी मागितली नाही. दुसरी तोडून घेतली.

रान एकदम मोकळं, ओकंबोकं झालं. त्या दिवशी सासूबाई बांधावर आल्या आणि म्हणाल्या की आता झालं की, मेंढरं गेली, घरला चल. करार त्यांना पाठ होता. मी पालाच्या तोंडाशी बसले होते. मी पाच मेंढ्यांकडं बोट केलं.

"मेंढरं बसल्याती की आत्याबाई. ती हायती तवर हे रान आमचं."

सासूसमोर इतकं मोठ्यानं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. त्या निघून गेल्या. आईनं मला पाठीत हळूच चापट मारली, पण तोंड पलीकडं करून, हसू दिसू नये म्हणून.

पुढच्या चार दिवसांत तीन मेंढ्या व्याल्या. पाचव्या दिवशी उजाडताच मला भाकरीचा वास नकोसा झाला आणि मी उगाचच पालाबाहेर जाऊन अंगठ्यानं माती उकरत उभी राहिले. आईनं बघितलं आणि चुलीवरचा तवा उतरवला. पाणी तापत ठेवलं. कळा येत होत्या तशी मी बसत होते, गेल्या की चालत होते, ओरडत नव्हते. पालाच्या खांबाला धरायचं, दात आवळायचे. ऊन वर चढलं तसं ते आतून मागं सरत माझ्या पायांपर्यंत आलं. हळूहळू मला उठून चालणं जमेना. आईला माझ्या पुढं बसणं भाग होतं आणि माझी पाठ धरायला कुणी नव्हतं. मी मागं कोसळायला लागले की तिला हात सोडून मला सावरावं लागायचं. असं तीन-चारदा झालं. मग तिनं बांधाकडं पाहिलं, आणि माझी आई घाबरलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तरी तिनं हाक मारली नाही. हाक तिच्या गळ्यापर्यंत आलेली मला दिसत होती.

मी त्या दिवशी ओरडले नव्हते, पण मेंढ्यांमागं चालतही गेले नव्हते. सासूबाई रोज मी ओढ्याकडं जाताना दिसते का ते बघत असणार. कारण बांधावरून त्या आल्या, आणि या वेळी थांबल्या नाहीत. कमरेवर वाफाळतं पाणी भरलेली कळशी, खांद्यावर त्या धुतलेल्या चिंध्यांचं गाठोडं. ढेकळांतून सरळ चालत आल्या आणि काठीपाशी येऊन उभ्या राहिल्या. काठीपलीकडं पाऊल टाकायला त्यांना कुणी अडवलं असतं असं नाही. मोकळं रान होतं, आणि त्यांच्याच नवऱ्याचं.

"येऊ का आत, इहीनबाई?"

आईचा चेहरा मला अजून दिसतो. "या," ती म्हणाली. "तुमची वाटच बगत हुते."

सासूबाईंनी पायातल्या वहाणा काढल्या, काठी ओलांडली आणि माझ्या पाठीमागं बसून मला आपल्या छातीशी टेकवून घेतलं. त्या माझ्या कानात सांगत होत्या की त्यांचं पहिलं बांधावर झालं होतं, खुरपणीच्या दिवसांत, एकट्या असताना, आणि ते जगलं नाही. म्हणून त्यांना भिंत हवी होती, बाज हवी होती, दार हवं होतं. दोन वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी मागं हात नेऊन त्यांचं मनगट धरलं आणि मग जेवढी ताकद राखून ठेवली होती तेवढी सगळी लावली.

मुलगी झाली. ऊन डोक्यावर यायच्या आत झाली, आणि बाहेर येताच तिनं असा काही सूर लावला की मोटेवर बैल थांबले. मोट माझ्या नवऱ्याच्या हातात होती. आईनं नाळ कापली, सासूबाईंनी न्हाऊ घातलं. मला इतका गर्व झाला होता की त्या दोघींना मीच जन्म दिल्यासारखं वाटत होतं.

बाराव्या दिवशी पाळणा घरी बांधला. मी लेकीला घेऊन काठी ओलांडली आणि सासरी आले. सव्वा महिन्याचं पुढचं सगळं सासूबाईंनी केलं. आईनं पाल सोडलं, पाच मेंढ्या आणि पाच कोकरं पुढं घातली, उंबरा उचलून खांद्यावर टाकला आणि ओढा उतरून गेली. मी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

आळीत बोलणारी माणसं होतीच. विहिरीवर एकीनं सासूबाईंना मुद्दाम विचारलं की सुनेचं बाळंतपण शेवटी तुमच्याकडंच झालं म्हणे. मी घागर धरून मागं उभी होते.

"आमच्याकडं कुठलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हायेरी झालं तिचं. मी गेलते की तितं, पाव्हनी म्हनून."